पेणकरपाडा ते

उत्तमदादा कुलूप लावतात. तीनदा ओढून बघतात. जिना उतरतात. मग परत वर येऊन चौथ्यांदा ओढतात.

कुणाच्या घरी पाणी प्यायले की रिकामा पेला उलटा करून बूड बघतात. भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात ते स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. बूड बघून पेल्याविषयी मत देतात. घरच्या बाईला ते आवडो, न आवडो.

फोनवर गावाशी बोलताना ओरडतात. गाव लांब आहे म्हणून.

गाडी आठची असेल तर सहाला स्टेशनवर असतात.

प्रत्येक बॅगेवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घालतात. नाव, कुठून, कुठे. 'उ. गो. मांडवकर, पेणकरपाडा ते विलवडे.' विलवडे म्हणजे त्यांचं कोकणातलं गाव. घरातल्या पाचही बॅगा अशा आहेत. साईराजच्या शाळेच्या दप्तरावरसुद्धा 'पेणकरपाडा ते शाळा' होतं. आरोहीने रडून स्वतःचं दप्तर वाचवलं.

आणि कुठेही निघताना, पोचताना, चढताना, उतरताना ते विचारतात, "किती?"

मग घरच्यांनी आकडे म्हणायचे. उत्तमदादा स्वतः एक. सुलूवहिनी दोन. आरोही तीन. साईराज चार. चार आल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. एकदा आमच्या बिल्डिंगच्या दारात मी चुकून मध्ये उभी होते. साईराजच्या आधी माझ्याकडे बघून ते म्हणाले, "मिनल, तू मोजण्यात नाहीस. बाजूला हो."

मी समोरच्या दाराची. तेव्हा नुकतीच मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि घरी बसले होते. उत्तमदादांशी माझी मैत्री कशी झाली ते सांगता येणार नाही. बहुतेक मी त्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकते, म्हणून.

२००७च्या मार्चमध्ये एका रविवारी त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं.

"हे तुझ्याकडे ठेव. आमच्याकडे पोरं सगळीकडे हात घालतात."

आत रेल्वेची तिकिटं होती. ठाणे ते मडगाव. चार.

"गोवा?" मी म्हणाले.

"हळू!" ते म्हणाले. फोनवर ओरडणाऱ्या माणसाने मला हळू बोलायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं की हे गंभीर आहे.

प्रकरण जुनं होतं. उत्तमदादांनी मुलांना तीनदा सहल कबूल केली होती. महाबळेश्वर ठरलं तेव्हा गाळ्यात मोठी ऑर्डर आली आणि रजा रद्द झाली. माथेरान ठरलं तेव्हा गावच्या घराची भिंत खचली. तिसऱ्यांदा नुसतं जवळच्या वॉटर पार्कला जायचं होतं, तर आदल्या दिवशी साईराजच्या अंगावर कांजिण्या उठल्या. दर मे महिन्यात मुलं गावाला गेली, दुसरीकडे कुठेच नाही. तिसऱ्या वेळी आरोही रडली नाही. बारा वर्षांची मुलगी. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आता आधी सांगत नका जाऊ. गेलो की कळेलच."

दुसऱ्या बापाने हे बोलणं चार दिवसांत सोडून दिलं असतं. उत्तमदादांनी ते आज्ञेसारखं धरलं.

"सांगितलं की बिघडतं," ते मला म्हणाले. "तीनदा बघितलं. आता चौथ्यांदा बिघडलं ना, तर ती पोरगी माझं काही म्हणजे काही खरं मानायची नाही. तेव्हा सांगायचंच नाही. गावाला चाललोय म्हणायचं. नेहमीच्या गाडीत बसवायचं, ती पुढे मडगावलाच जाते. विलवडे आलं की मी उठणारच नाही. पोरं ओरडतील, बाबा स्टेशन आलं, स्टेशन आलं. मी बसलेलाच. गाडी सुटेल. मग म्हणेन, बसा."

"बसा?"

"बसा. एवढंच."

दोन महिने ते हा 'बसा' माझ्या दारात म्हणून बघत होते. कधी हसून, कधी मान वर न करता. मला विचारायचे, कुठला बरा. मी म्हणाले, न हसता बरा. ते म्हणाले, "तू बी.ए. झालीस खरी, पण तुला मुलं नाहीत."

तिकिटं मी शब्दकोशात ठेवली. आमच्या घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

एप्रिलमध्ये ते समुद्रात खेळायची हवेची ट्यूब घ्यायला गेले. मला बरोबर नेलं. दुकानदाराला म्हणाले, "भैया, ट्यूब दिखाओ. लेकिन बच्चे को मालूम नहीं पडना मंगता."

दुकानदाराने आजूबाजूला बघितलं. "बच्चा किधर है?"

"घर पे."

"तो उसको कैसे मालूम पडेगा?"

"वो सब मेरे को नहीं मालूम. तुम काले पिशवी में डालो."

ट्यूब, दोन टोप्या आणि सुलूवहिनींचा पहिला पंजाबी ड्रेस एका नव्या निळ्या बॅगेत गेला. त्या बॅगेवर नाव घालताना मी तिथेच होते. 'उ. गो. मांडवकर, पेणकरपाडा ते' एवढं लिहिलं आणि हात थांबला. 'विलवडे' लिहिलं तर खोटं. 'गोवा' लिहिलं तर मुलं वाचणार. खोटं बोलायला ते तयार होते, पण रंगाने लिहायला नाही.

संध्याकाळी साईराज आला. "बाबा, ते कुठे?"

"रंग संपला."

"मग आणा ना."

"आलो की लिहितो. तू जा, खेळ."

इथपर्यंत सगळं जमलं होतं. अडचण आली ती गावाकडच्या माणसांमुळे. मीरा रोड आणि भाईंदरमध्ये त्यांच्या वाडीतली बारा-तेरा घरं आहेत. एक जण गावाला निघाला की सगळ्यांना पत्ता लागतो, आणि सगळे काहीतरी पाठवतात. नाही म्हणायची पद्धत नाही. आणि नाही म्हणणार तरी काय? 'मी गावाला जात नाही' असं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते आरोहीच्या कानावर गेलं असतं.

जेसल पार्कच्या शेवंतीआत्याने भावासाठी चष्मा दिला. कुणी मिक्सरचं भांडं दिलं. कुणी देवळासाठी समई. कुणी शिवलेली गोधडी. निघायच्या आदल्या दिवशी मांडवकरांच्या दारात अकरा पिशव्या होत्या. गोव्याला जाणाऱ्या माणसाच्या दारात.

मी म्हणाले, "आता?"

"ईश्वरला सांगितलंय," ते म्हणाले. ईश्वर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गावी राहणारा. "तो प्लॅटफॉर्मवर उभा राहील. गाडी दोन मिनिटं थांबते. मी दारातून पिशव्या देईन. तो घेईल. झालं. मग मी आत येऊन बसेन. मग बसा."

"मुलांना काय वाटेल?"

"वाटूदे की. वाटायलाच पाहिजे."

तेव्हा मलाही त्यात खोट दिसली नाही. दिसायला हवी होती. मांडवकरांचं विलवड्याला उतरणं मी स्वतः बघितलं होतं. स्टेशनवर नाही, आमच्या जिन्यावर. दोन मिनिटांत चार माणसं आणि पाच बॅगा उतरायच्या, म्हणून उत्तमदादा दर वर्षी सुट्टी लागली की तालीम घ्यायचे. "दार मोकळं नसेल तर?" ते खालून ओरडायचे. मुलं वरून ओरडायची, "दुसऱ्या दाराने!" "बाबांची वाट बघायची?" "नाही!"

पुढचं मी चौघांकडून ऐकलंय, आणि चौघांचं जुळतं.

गाडी विलवड्याला थांबली. उत्तमदादा दारात उभे राहिले. सुलूवहिनी त्यांच्यामागे, बाकावरून एकेक पिशवी पुढे करत. खाली ईश्वर. चष्मा गेला, मिक्सर गेला, समई गेली. मुलांनी बघितलं. सामान उतरतंय आणि दारात गर्दी आहे. मुलांना काय करायचं ते पाठ होतं.

अकरावी पिशवी खाली गेली. उत्तमदादांनी घाम पुसला. आता आत जायचं, बसायचं, आणि म्हणायचं. सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, "किती?"

मागून वहिनी म्हणाल्या, "दोन."

आणि खालून, प्लॅटफॉर्मवरून, मोठ्या अभिमानाने आवाज आला, "तीन!"

"चार!"

उत्तमदादांनी बघितलं. दुसऱ्या दाराखाली दोघंही आपापल्या बॅगा घेऊन सरळ उभी होती, जिन्यावर शिकवलं होतं तशी.

"वर चढा!" ते ओरडले.

मुलं हसली. बाबा थट्टा करतायत. "तुम्ही उतरा, गाडी सुटेल!" साईराज ओरडला.

शिट्टी झाली. वहिनी हाताशी होत्या त्या बॅगा घेऊन उतरल्या. त्यांच्यामागे उत्तमदादा उतरले. गाडी हलली. वरच्या बाकावर निळी बॅग एकटी राहिली होती. त्या वर्षी ठरल्या दिवशी मांडवकरांच्या घरातून फक्त बॅग गोव्याला गेली.

संध्याकाळी माझ्या घरचा फोन वाजला. रिसीव्हर कानापासून लांब धरूनही ऐकू येत होतं.

"मिनल! पोरं उतरली!"

"कुठे?"

"विलवड्याला!"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाकडे नेला.

"आहेस का? स्टेशन मास्तरने पुढे कळवलं. बॅग मडगावला उतरवून ठेवलीय. नाव होतं म्हणून सापडली. उद्या एसटीने आणायला जातो. सगळ्यांना घेऊन. पण पोरं यायला तयार नाहीत! साईराज आंब्यावर चढून बसलाय. म्हणतो, बॅग आणायला चौघं कशाला?"

प्रश्न बरोबर होता. "मग आता सांगून टाका ना," मी म्हणाले.

मी दोनदा हॅलो म्हणाले. उत्तमदादा शांत असले की फोन बंद पडला असं वाटतं.

"नाही," ते म्हणाले, पहिल्यांदाच साध्या आवाजात. "सांगितलं की बिघडतं. आज सांगितलं नव्हतं, म्हणून थोडक्यात वाचलंय. अजून पूर्ण बिघडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी चौघं गावाजवळच्या लांज्याहून एसटीत बसली. मडगावला स्टेशनवर बॅग मिळाली. उत्तमदादांनी ती तीनदा उघडून बंद केली. मग परतीच्या गाडीची चौकशी न करता ते मुलांना घेऊन बाहेर आले आणि दुसऱ्या बसमध्ये बसले. मुलांना विचारायला वेळ दिला नाही. बस थांबली तिथे नारळाची झाडं होती. पुढे वाळू, त्यापुढे समुद्र.

उत्तमदादांनी बॅग खाली ठेवली. दोन महिने घोटलेला शब्द त्यांना आठवेना. ते आरोहीला म्हणाले, "गेलो की कळेल म्हणाली होतीस ना. घे. गेलो."

साईराज बूट घालूनच पाण्यात पळाला. आरोहीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. डोळे मोठे केले. "बाबा! गोवा?" म्हणाली. मग मटकन वाळूत बसली.

'बसा' म्हणायचं राहिलं, पण निदान एक जण बसली.

हे 'मटकन' मी उत्तमदादांकडून तीसेक वेळा तरी ऐकलंय. गाळ्यातल्या सगळ्यांनी ऐकलंय. ट्यूबवाल्या दुकानदाराने हिंदीत ऐकलंय. "एकदम नीचे बैठ गयी. पाव में जान नहीं." सांगताना ते स्वतः थोडं वाकून दाखवतात.

जूनमध्ये आरोही माझ्याकडे पुस्तक परत द्यायला आली. मी म्हणाले, "काय गं, खूप चकित झालीस म्हणे."

ती दाराकडे बघत म्हणाली, "मिनलताई, बाबांना सांगणार नाही ना?"

"काय?"

"मला विलवड्यालाच कळलं होतं. गाडी गेली आणि बाबा स्टेशन मास्तरकडे धावले, तेव्हा ईश्वरकाका म्हणाला, 'आरं, उतरलाव कशाला? तुमाला गोव्याला जायाचा हाय ना!' मग त्याने जीभ चावली. साईराजचं लक्ष नव्हतं."

 तीन वर्षं मी साहित्य शिकले होते. समोर उभी असलेली नाटकातली माणसं मला ओळखता येत नव्हती.

"मग साईराजला झाडावरून खाली कुणी आणलं?"

"मी. त्याला म्हटलं, मडगावला स्टेशनवर आइस्क्रीम मिळतं. मला काय माहीत मिळतं की नाही."

"आणि ते मटकन बसणं?"

ती जरा लाजली. "ते जास्त झालं ना? एसटीत ठरवलं होतं, नुसतं तोंडावर हात. पण बाबांचं तोंड बघितलं आणि..." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. "त्यांचं एकदा तरी नीट व्हायला नको का?"

मी कबूल केलं, सांगणार नाही. आणि अजून सांगितलेलं नाही.

यंदा, बरोबर एका वर्षाने, मार्चमध्ये उत्तमदादांनी पुन्हा एक पाकीट माझ्या हातात दिलं. मी उघडून बघितलं नाही. पाकीट शब्दकोशात गेलं. आठवड्याने मी त्यांच्याकडे बसले असताना साईराजने जेवताना विचारलं, "बाबा, सुट्टीत कुठे?"

"गावाला. अजून कुठे?" ते म्हणाले. गोव्याची गोष्ट ऐकलेल्या अख्ख्या पेणकरपाड्याला तेवढ्याने कळलं असेल की गावाला नाही.

आरोहीने ताटातून मान वर केली नाही.

निळी बॅग त्यांच्या दारामागे उभी आहे. गोव्याहून आल्यावर ते पुढचं नाव लिहिणार होते. लोक वाचतात आणि विचारतात, उत्तम, पेणकरपाडा ते कुठे? ते अजून सांगतात, रंग संपलाय.

रंगाचा डबा माळ्यावर आहे. मी काल हलवून बघितला. अर्ध्याहून जास्त भरलेला आहे.