कोरडे तांदूळ

आजही ती घटना आठवली की प्रथम डोळ्यांसमोर येतात पळसाची पाच पाने आणि त्यांवर थुंकलेले, चावलेले तांदूळ.

पोलिसातल्या नोकरीची अखेरची दोन वर्षे मी मुरबाड तालुक्यात काढली. धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात देवीचा चांदीचा मुखवटा जत्रेच्या तोंडावर नाहीसा झाला. गावाने तक्रार दिली नाही. असल्या प्रकरणात गाव आधी देवीला कौल लावते, मग भगताला विचारते. आमचा क्रमांक त्यानंतर.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणारा उत्सव समितीचा कारभारी होता.

"साहेब, चोर गावला. गाडी पाठवा. तुमचा हवालदार हितंच उभा हाय, त्याच्यादेखत झालं सगलं."

झाले होते ते असे. गाभाऱ्यात जाण्याचा अधिकार असलेल्या पाच जणांना, कारभाऱ्यासह, देवळासमोर बसवून भगताने प्रत्येकाला मूठभर मंतरलेले तांदूळ चावायला दिले. ज्याचे तांदूळ कोरडे निघतील तो चोर, अशी तिथली जुनी रीत आहे. चौघांचे ओले निघाले. पाचव्याच्या तोंडातून पिठासारखी कोरडी भुकटी पडली.

हा पाचवा डोंगरातल्या पाड्यावरचा. जत्रेच्या दिवशी मुखवटा धुण्याचा मान पिढ्यान् पिढ्या त्याच्या घराकडे होता. तो चोर ठरला तर त्याला तुरुंग होता आणि त्याच्या पाड्याचा देवळातला मान कायमचा जाणार होता.

मानकऱ्याला माझ्यासमोर उभे केले तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. डिसेंबर महिना होता. हाताची बोटे थरथरत होती. तो जिभेने सारखे ओठ चाटत होता, पण ओठ ओले होत नव्हते. तीस वर्षे मी माणसांची हीच लक्षणे पाहून प्रश्नांची दिशा ठरवत आलो होतो आणि बहुतेक वेळा चुकलो नव्हतो. मंत्रावर माझा विश्वास नव्हता. कोरड्या तोंडावर मात्र होता.

"मुखवटा तू नेलास?"

"व्हय. मीच नेला."

इतक्या लवकर कबुली मिळाली की मला आनंद होत नाही.

"कुठे ठेवलास?"

"तुमी सांगाल तिथं, साहेब."

मी लेखणी खाली ठेवली. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, मुद्देमाल हस्तगत व्हावा लागतो, हे वेगळे. पण हे उत्तर चोराचे नव्हते. तरीही तो सोंग करत असेल, ही शंका मी सोडली नाही. अटक दाखवण्यापूर्वी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी दोनदा नाडी मोजली आणि त्याच्या पाठीवरचा एक जुना व्रण पाहिला.

"हा कधीचा?"

त्याने माझ्या गणवेशाकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्यांनी मला बाहेर जायला सांगितले. मी गेलो. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या.

"तरुणपणी लाकूडचोरीच्या संशयावरून त्याला दोन दिवस कोंडून मारलं होतं. खाकी कपड्यांतल्या माणसांनी. आता खाकी दिसली की त्याचं शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, घाम येतो, तोंडातली लाळ आटते. हे मज्जासंस्था परस्पर करते. त्याला विचारून नाही."

"गुन्हेगाराचंही असंच होतं."

"होतं. परीक्षेला बसलेल्या मुलीचंही होतं."

"मग दोघांतला फरक कसा ओळखायचा?"

"नाडीवरून मला ओळखता येत नाही. तुम्ही चेहऱ्यावरून ओळखत असाल, तर सांगा, कसा ओळखता?"

मानकऱ्याला तिथेच बसवून मी गावात गेलो.

चोरीची वस्तू परत येईपर्यंत पाने उचलायची नाहीत, असा भगताचा नियम होता. पाचही पाने देवळाच्या पडवीत झाकून ठेवलेली होती. मी पंचांसमक्ष ती एकेक करून पाहिली. तीन पानांवरचे तांदूळ ओलसर, चिकट होते. कारभाऱ्याच्या पानावरचा गोळा मात्र तपकिरी होता आणि त्यात चिंचेचा एक तंतू अडकलेला होता.

"चिंच खाल्ली होतीस?"

कारभारी हसला. "खाल्ली की. चिंच खाणं गुन्हा हाय काय, साहेब? तोंड सुकलं नि फुकट चोर ठरलो तर? भ्या तर सगल्यांनाच वाटतं."

त्याचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. निर्दोष माणूसही भीतीपोटी चिंच चघळेल. मी भगताकडे वळलो. म्हातारा खांबाला टेकून बसला होता.

"बाबा, तांदूळ चावायला देणार हे या पाच जणांना आधी सांगितलं होतं?"

"नाय रे बाबा. आधी सांगितलं तर कसली परीक्षा? बैठकीला म्हनून बोलावलं नि बसल्या बसल्या तांदूल हातात दिलं."

"कुणालाच माहीत नव्हतं?"

"मना ठावं. आनि या कारभाऱ्याला. त्यानंच सुचवलं ना."

कारभारी पटकन म्हणाला, "म्हातारा झालाय तो. काय पन बोलतो."

"म्हातारा तुजा आजा!" भगत ताडकन उभा राहिला. "काल माज्या ओट्यावर येऊन चहा पिऊन गेलास, तवा नवतो म्हातारा?"

जमलेली माणसे हसली. कारभारी हसला नाही. मी हवालदाराला पुढे बोलावले.

"तू त्या वेळी इथे कसा होतास?"

"यांनीच बोलावलं, साहेब. जत्रेच्या बंदोबस्ताचं बोलायचंय म्हणाले. मग म्हणाले, जरा त्या मानकऱ्यासमोर उभे राहा."

आता सगळा उलगडा झाला. मानकऱ्याला खाकीची धास्ती आहे हे त्या गावात सर्वांना ठाऊक होते. कारभाऱ्याने स्वतःसाठी चिंच आणली आणि त्याच्यासाठी हवालदार. माझ्याच ठाण्याचा गणवेश त्याने हत्यार म्हणून वापरला होता, आणि त्याचे उरलेले काम मी ठाण्यात बसून पुरे करत होतो.

मी कारभाऱ्याला तासभर समोर बसवले. त्याचा हात कापला नाही. घाम आला नाही. तीस वर्षांच्या माझ्या अनुभवानुसार तो निर्दोष ठरला असता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहणे बंद केले आणि रीतसर झडती घेतली. मुखवटा त्याच्या खळ्यावरच्या पेंढ्याच्या उडवीत, गोणपाटात गुंडाळलेला सापडला. त्याला तो विकायचा नव्हता. पाड्याचा मान मोडून आपल्या घराण्याकडे आणायचा होता.

मानकऱ्याला मी स्वतः पाड्यावर सोडले. त्या वर्षी जत्रेत मुखवटा त्यानेच धुतला. तपासाच्या कागदांत त्याची कबुली मी आहे तशी ठेवली आणि ती खोटी का होती, याचे टिपण खाली माझ्या सहीने जोडले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या एकाही अहवालात 'चेहऱ्यावरून दोषी दिसतो' असे वाक्य आले नाही. हाताखालच्यांनी लिहिले तर मी ते खोडले.

निवृत्तीनंतर मी शहापुरात स्थायिक झालो. दोन वर्षांमागे म्हसा गावच्या जत्रेत गेलो होतो, साध्या कपड्यांत. बैलांच्या बाजारात मानकरी आणि त्याची बायको भेटली. त्याने मला ओळखले, मनापासून हसला, घरच्यांची चौकशी केली. हसता हसताच त्याच्या कपाळावर घाम आला आणि बोटे थरथरू लागली. तो ओशाळला.

त्याची बायको म्हणाली, "राग मानू नका, साहेब. तो तुमाला चांगलाच म्हनतो. पन त्याचं अंग ऐकत नाय."

मी दोन पावले मागे सरलो आणि लांबूनच हात जोडले.