माळ खुंटीला

मासा तव्यावर टाकला की हात मागे घ्यायचा. हलवायचा नाही, उचलून बघायचा नाही, उलथन्यानं डिवचायचा नाही. खालची बाजू नीट भाजली की तो आपला आपण सुटतो. घाई केली की साल तव्याला आणि चुरा ताटात. हे मला आईनं शिकवलं, आणि माझ्या हातचा मासा चांगला होतो तो तेवढ्यामुळेच. बाकी त्यात विद्या काही नाही. मीठ, हळद, ठेचलेला लसूण, घरची कांदा-लसूण चटणी, वरून ज्वारीच्या पिठाचा हात. मी क्लासमध्ये शिकवते, घरी एकटी असते. संध्याकाळी दमून आलं तरी कुकरमधला भात होईपर्यंत मासा भाजून तयार असतो.

कोल्हापुरात माशाला फारसं कुणी विचारत नाही. इथं पाहुणा आला की मटण, भांडण मिटलं की मटण, नवी गाडी घेतली तरी मटण. मासा आपला सावत्र. आमच्या घरी मात्र उलटं होतं. वडील वारणानगरला साखर कारखान्यात होते, आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. सुट्टीच्या दिवशी वडील नदीवरून मरळ आणायचे आणि आई ती भाजायची. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसायची, पण मधला जाड तुकडा आधीच बाजूला काढून ताटलीखाली झाकलेला असायचा. त्याला कुणी हात लावला तर त्या हातावर उलथनं बसायचं. वडील म्हणायचे, "मागल्या जन्मी बगळा हुतीस तू." आई म्हणायची, "असंल की. बगळ्याला कुणाला इचारून खायाला लागत न्हाय." एरवी सगळ्या बाबतीत मन मारणारी ही बाई त्या एका तुकड्यासाठी भांडायची. मला ती तेव्हा फार आवडायची.

वडील गेले आणि बाराव्याच्या दिवशी तो तुकडा बंद झाला. सगळी भावकी बसलेली असताना दादानं जाहीर केलं, "आई आता माळ घालणार." तुळशीची माळ गळ्यात आली की मटण-मासा सुटला, हे काही कुणाला सांगायला लागत नाही. आईला कुणी विचारलं नाही. दादानंच माळ आणली होती, ती त्यानंच तिच्या गळ्यात घातली. बायका म्हणाल्या, "बरं झालं. आता काय ऱ्हायलंय तिचं, देवाचं नाव घील." काय राहिलंय म्हणजे? ती स्वतः राहिली होती ना! नवरा गेला म्हणून बाईची जीभ पण जाते का? पण सुतकातल्या घरात माशावरून तोंड उघडलं असतं तर मीच हावरट ठरले असते. आईनं मान खाली घातली होती. तो होकार आहे असं सगळ्यांनी धरलं.

दादा स्वतः आधीपासून माळकरी. पण त्याची माळ खुंटीवरची. ही आमच्याकडची जुनी सोय आहे. माळ गळ्यात असताना खायचं नाही ना? मग ती काढून खुंटीला अडकवायची, मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारायचा, हात धुऊन चूळ भरायची आणि माळ परत गळ्यात. देवाला तेवढा वेळ बाहेर बसवायचं. सगळा गाव यावर हसतो आणि सगळा गाव ते चालवून घेतो. बाईची माळ खुंटीला लागलेली मात्र मी आजवर पाहिलेली नाही.

वडील गेल्यापासून आई गावी दादाकडे असायची. गेल्या वर्षी तिचे डोळे दाखवायचे होते. दवाखाना राजारामपुरीत, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखा. दादानं तिला माझ्याकडे आणून सोडलं आणि उद्या संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिला सगळं धूसर दिसत होतं. तिला घरी बसवलं आणि मी मंडईत गेले. मरळ घ्यायची हे मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं. मासेवालीनं पाण्यातून काढून दाखवली, "जित्ती हाय बघा की." मी तुकडे करून घेतले.

आई भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसली.

"मरळ आणलीयास," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी मसाला लावायला लागले. दिसत नव्हतं तरी तिचं लक्ष सगळीकडे होतं. "लसूण आणि दोन पाकळ्या ठेच." मी ठेचल्या. "तवा तापला न्हाय अजून. पाण्याचा थेंब टाकून आवाज ऐक." मी ऐकला. मग तुकडे टाकले आणि ती म्हणाली, "आता हात मागं." इतक्या वर्षांनी तिच्या आवाजात ती जुनी जरब आली होती. तेवढ्यासाठी मी सगळी मंडई घरी आणली असती.

"आई, आज खा तू," मी म्हणाले.

"माळ हाय न्हवं."

"दादाची पण आहे. तो काय करतो ते सगळ्या गावाला माहीत आहे."

तिनं गळ्यातले मणी चाचपले. "त्याची त्यानं घातली, त्यो काढतोय. माझी मी कुठं घातली? दुसऱ्यानं घातलेली मी कशी काढू?"

"मी काढते," म्हणाले. तव्यावर तुकडा सुटला, मी तो उलटला, दुसरी बाजू चरचरायला लागली. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मधला ठेव. झाकून ठेव."

मला रडूच आलं. ताटलीत मधला तुकडा काढला, वर दुसरी ताटली पालथी घातली आणि तिच्यासमोर ओट्यावर ठेवली. मी हात धुऊन तिच्या गळ्याकडे नेणार तोच बेल वाजली.

दादा. कुणा पावण्याची गाडी गावाकडे निघाली होती म्हणून आईला न्यायला एक दिवस आधीच आला होता. दारातच त्यानं नाक वर केलं. "मरळ व्हय? वा!" बोलता बोलताच माळ गळ्यातून काढली, गाळणं टांगायच्या खिळ्याला अडकवली आणि ओट्यावरची ताटली उघडली.

"तो आईचा आहे," मी म्हणाले.

"आईचा?" तो हसला. कुचकं हसला असता तर चाललं असतं. त्याला खरंच विनोद वाटला. "अगं, माळकरी हाय ती!"

"आणि तू?"

"ती काय माझी, खिळ्याला. गळ्यात असताना आपण कधी तोंड बाटवलं न्हाय."

"त्या खिळ्यावर अजून एक मावते, दादा."

तोंडाकडे नेलेला त्याचा घास थांबला. त्यानं आईकडे पाहिलं, मीही पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. ती उठली, चाचपत त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "हिचं काय ऐकतोस. तुझ्यासाठीच ठेवलावता. खा, गरम हाय तवर." आणि दिसत नसताना बोटांनीच तिनं त्याच्या तुकड्यातला काटा काढून दिला. पन्नाशीतल्या घोड्याला.

त्यानं सगळं चाटूनपुसून खाल्लं. "माशाला आईचाच हात पायजे," असंही वर म्हणाला. भाजला होता मी. खाली गाडीचा हॉर्न वाजला, त्यानं चूळ भरली, आईची पिशवी उचलली आणि निघाला. चपला घालताना आई माझ्या कानाशी म्हणाली, "चांगला सुटला मासा." न खाल्लेल्या माशाचं कौतुक करून ती गेली.

भांडी घासताना बघते तर दादाची माळ खिळ्यालाच. फोन केला. म्हणाला, "असू दे की. दुसरी घालतो. माळंला काय तोटा हाय?"

यंदाच्या थंडीत आई गेली. त्या दिवसानंतर ती माझ्याकडे आलीच नाही. अंघोळ घातल्यावर मी म्हणाले, आता तरी तिच्या गळ्यातली माळ काढूया. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. दादा तर रडत म्हणाला, "केवढी पाळली तिनं, ऱ्हाऊ दे." बाराव्याला नैवेद्याच्या ताटात वरणभात, पुरणपोळी, कटाची आमटी. माळकरी बाई, सोनं झालं, असं जो तो म्हणत होता. मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणाले.

मी अजून मासा करते. मधला तुकडा आधी बाजूला काढते आणि गरम असतानाच खाते, कुणाची वाट बघत नाही. तव्यापाशी उभं राहिलं की तो खिळा नेमका समोर येतो. वाफेनं, तेलानं मणी काळेमिचकूट झालेत, हात लावला तर चिकटतात. दादानं मागितली तर तशीच देणार आहे, न पुसता. पण त्याला त्या माळेची आठवण नाही. तो कधीच दुसरी घालून मोकळा झाला. आईची एकच होती, ती तिच्याबरोबर जळाली.