तान्हा पोळा कोणाचा?

घटस्फोट झाला तेव्हा आमच्या वकिलांनी पोरीचं अख्खं वर्ष वाटून दिलं. शाळा आणि रोजचं राहणं माझ्याकडे कळंबला, कारण मी इथल्या दवाखान्यात नर्स. एकाआड एक रविवार, अर्धी दिवाळी आणि अर्धा उन्हाळा तिच्या बाबाकडे. तो यवतमाळला राहतो, तिथल्याच लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाला. इतकं भांडूनही तान्हा पोळा कोणाच्याच ध्यानात आला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, दारोदार नेऊन बोजारा मागतात, म्हणजे खाऊ आणि थोडे पैसे. असा सण विसरणारे आम्ही दोघंही इथलेच.

पहिल्याच वर्षी फोनवर जुंपली. मी म्हटलं, पोरगी माझ्याकडे आहे. तो म्हणाला, तिचा लाकडी बैल माझ्याकडे आहे.

दुसरीतल्या पोरीनं फोन हिसकावला आणि निकाल दिला, बैल तिथं मी. माझी रजा गेली वाया. सकाळी ती त्याच्या गाडीवर बसून गेली तेव्हा मी दार धाडकन लावून घेतलं. सण तिकडे, म्हणजे हळूहळू पोरगीही तिकडचीच होणार, याची मला सरळ सरळ भीती वाटत होती. दिवसभर भांडी आपटली, टीव्हीवर राग काढला.

दुपार कलताना फाटक वाजलं. दारात पोरगी, कपाळभर गुलाल, हातात बैलाची दोरी. तिचा बाबा बाहेर गाडीजवळच थांबला होता.

"बोजारा दे," ती म्हणाली.

"आपल्याच घरी कोणी बोजारा मांगते काय?"

"आज मी बाबाच्या घरून आली ना. आज हे दुसऱ्याचं घर हाय."

मला ते चांगलंच लागलं. तोंड उघडणार तेवढ्यात तो फाटकापासून म्हणाला, "यवतमाळात एकाही दारी गेली नाही. म्हणे, पयला बोजारा आईचाच पायजे. म्हणून आणली."

माझा राग कुठच्या कुठे पळाला. डोळे पुसत मी बैलाला ओवाळलं, पोरीच्या हातावर बोजारा ठेवला. मग फाटकापर्यंत गेले.

"तुम्हीबी घ्या," मी म्हटलं. "बैल घेऊन येनाऱ्याले रिकाम्या हातानं धाडत नाही."

त्यानं हात पुढे केला.