अमेरिकेतली हक्कसोड

वडीगोद्रीच्या फाट्यावर पुण्याची एसटी लागली तेव्हा अण्णांनी माझी बॅग वर चढवली आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "बाई, वाचल्याबिगर कुठं सही करायची न्हाई." दुसऱ्या बापाने लेकीला जपून राहा म्हटलं असतं. आमचे अण्णा पडले शाळामास्तर, त्यांचा आशीर्वादही सूचनेसारखाच यायचा.

पुण्यात मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागले. कामं अमेरिकेतून यायला लागली आणि तिथले प्रकाशक म्हणू लागले, तुमची इथं कंपनी असेल तर बरं. तुमच्यातले जे परदेशातली कामं घेतात त्यांना ठाऊक असेल, अमेरिकेत पाय न ठेवता तिथं कंपनी काढता येते. पत्त्यासाठी एक एजंट नेमायचा, करासाठी नंबर मिळवायचा, झालं. मालक कोण कोण, हा रकाना आला आणि मी अर्धा हिस्सा अण्णांच्या नावावर टाकला. आमच्याकडे ट्रॅक्टर पोरगा घेतो आणि त्यावर नाव बापाचं असतं. मग लेकीनं का नाही? अण्णांना कळवलं तर त्यांनी फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला.

माझं काम पुण्यात बसून, तिकडे ना दुकान ना नोकर, त्यामुळे तिथला कर लागत नव्हता. कर नाही म्हणजे कटकट नाही, असं मी धरून चालले. घोडं पेंड खात होतं ते तिथंच. कर शून्य असला तरी विवरणपत्र चुकत नाही. मालक दोघं असले की ती भागीदारी, तिचं विवरणपत्र निराळं, आणि उशीर झाला तर दंड माणशी. शिवाय इकडे भारतातही दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये परदेशातला हिस्सा दाखवायचा असतो. अण्णांच्या पेन्शनच्या रिटर्नमध्ये तो कुठून येणार?

मग त्यांच्या मोबाइलवर आयकर खात्याचा मेसेज आला, परदेशी मालमत्ता दाखवली नाही म्हणून. त्यांनी तो भाबडेपणाने मेडिकलवाल्याला दाखवला आणि गावभर झालं की मास्तरांनी अमेरिकेत पैसा दडवलाय. ज्या माणसाने शाळेचा खडू कधी घरी आणला नाही, तो फाट्यावर जायचा बंद झाला. मला रडू आलं आणि माझ्या हौसेचा संतापही.

कर सल्लागार म्हणाले, मागची विवरणपत्रं भरून टाकू, पण वडिलांचं नाव काढा, नाहीतर दरवर्षी हेच. मी अण्णांना फोनवर तसं सांगितलं.

"नाव लागलं तवा चहा पाजला लोकायला," ते म्हणाले. "आता काय सांगू? लेकीनं काढून टाकलं म्हणून?"

कागद घेऊन मी गावी गेले. अण्णांनी चष्मा लावला, इंग्रजी बघून परत माझ्याकडे दिला आणि मराठीत वाच म्हणाले. मी वाचू लागले: मी माझा संपूर्ण हिस्सा, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने मुलीच्या नावे सोडून देत आहे. पुढे वाचवेना. माझं लग्न झाल्यावर अंबडच्या रजिस्ट्री ऑफिसात असंच वाक्य माझ्यासमोर होतं, फक्त शेवटी भावाचं नाव होतं. गावातल्या सगळ्या लेकी करतात तशी शेताची आणि घराची हक्कसोड. मी वाचायला घेतलं तेव्हा अण्णाच म्हणाले होते, घरचाच कागद आहे, त्यात काय वाचायचं. मी सही केली, साडी घेतली, जेवून पुण्याला आले.

अण्णांनाही ते आठवलं असावं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"तवा तुला वाचू दिलं न्हाई मी," ते म्हणाले, आणि सही केली.

आता मालक मी एकटीच. कंपनीचा पत्ता एजंटाचा, पुण्यातलं घर भाड्याचं, वडीगोद्रीच्या उताऱ्यावर माझं नाव नाही. तरी परवा नव्या फॉर्मवर कायमचा पत्ता विचारला तेव्हा हात सवयीने वडीगोद्री लिहून गेला, आणि मग मलाच ते खोटं वाटलं. चुकीचं लिहून पुन्हा नवी भानगड नको, म्हणून अण्णांना फोन केला. वडीगोद्री लिहू का, मी विचारलं.

"तुझा कागद मी परत काढून वाचला," ते म्हणाले. "शेत सोडलं, घर सोडलं, सगळं लिहिलंय. पत्ता सोडल्याचं त्यात कुठंच न्हाई."