चाळीस मिनिटं लेट

बंद पडलेली गाडी रोज उशिरा आणणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. बडोद्यापासून दीड तासावर, कपाशी आणि तुरीच्या शेतांमधल्या एका गावात ते छोट्या लाइनचे स्टेशनमास्तर होते. आत्या गेली, ते रिटायर झाले, मग लाइनही बंद झाली. हे मात्र तिथेच राहिले. फलाट झाडायचा, दिवाळीला त्याच्या कडेला चुना मारायचा आणि दुपारी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचे, कारण शेतातल्या मजूर बाया त्या टोल्यांवर शिदोरी सोडत. गाडी बाराची, टोले बारा चाळीसला. मी एकदा घड्याळ दाखवलं तर म्हणाले, "ती कधी वेळेवर आली होती? आता नाही म्हणून तिच्याबद्दल खोटं बोलू?" पावसाळ्यात ते आणखी वीस मिनिटं वाढवत. बाया कुंपणापाशी येऊन विचारत, "मास्तरसाहेब, आजे गाडी लेट छे?" हे गंभीरपणे सांगत, "लेट छे, बेन. वार लागशे," म्हणजे वेळ लागेल. टोले पडल्याशिवाय ते स्वतः जेवत नसत आणि पाहुण्यालाही जेवू देत नसत. मी तिथे पुष्कळदा भुकेनं कासावीस झालोय.

मागच्या वर्षी रूळ उखडायला माणसं आली आणि भंगारात तो टांगलेला तुकडाही घेऊन गेली. खंडेराव मार्केटात पाव किलो वांग्यांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारे आतोबा त्यांना चकार शब्द बोलले नाहीत, याचंच मला फार वाईट वाटलं. दोन दिवस त्यांनी पितळी परात बडवून पाहिली. तिसऱ्या दिवशी मुलाला फोन केला, "आवाज शेतापर्यंत जात नाही. मला घेऊन जा." आता ते बडोद्याजवळ बाजव्याला मुलाकडे असतात. तिथे खिडकीसमोरून दिवसभर गाड्या जातात, त्याही वेळेवर. आतोबा त्यांच्याकडे पाठ करून बसतात.

गेल्या महिन्यात मी त्या गावी जाऊन आलो. स्टेशनात बकऱ्या बांधल्या होत्या. बाया मोबाइल बघून बरोबर बाराला जेवायला बसल्या. मास्तरांची आठवण कोणी काढली नाही, आणि मलाही काढवली नाही. तिथून थेट बाजव्याला गेलो तर दोन वाजून गेले होते आणि आतोबांपुढे ताट तसंच होतं. "रोजचंच आहे," वहिनी हळूच म्हणाली, "टोल्यांची वाट बघत तीन-तीन वाजेपर्यंत घास घेत नाहीत."

"बाया काय म्हणतात रे?" मी गावाहून आलोय हे कळल्यावर आतोबांनी विचारलं.

"विचारत होत्या," मी म्हणालो, "गाडी लेट छे का म्हणून."

आतोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहिलं. "फारच लेट झाली," ते म्हणाले. "त्यांना निरोप दे. म्हणावं, वाट बघू नका, जेवून घ्या."

मग त्यांनी ताट पुढे ओढलं. वहिनीनं माझंही पान वाढलं.