रडायला बंदी

दिल्लीत करोल बागेत मोमोच्या गाडीवर आम्ही दोघी उभ्या होतो. माझी लेक तेव्हा पहिलीत होती आणि तिला कशाचाच धीर नसायचा. मोमो वाफाळत होते, ही फू फू करून जोरजोरात फुंकर मारत होती. अचानक तिचा उजवा हात लुळा पडल्यासारखा खाली आला आणि मोमो रस्त्यावर पडला. "मम्मा, हा हात..." एवढंच नीट आलं, पुढचं बोबडं. मी घाबरून तिला कडेवर घेतलं. मेट्रोच्या जिन्यापर्यंत पोचेतो हात जागेवर, जीभ जागेवर आणि दुसऱ्या प्लेटची मागणीही सुरू.

नवरा म्हणाला, "दमली असेल यार, दिवसभर फिरवलंस." मलाही ते पटवून घ्यायचंच होतं. पण मग शाळेत माउथ ऑर्गन वाजवताना तेच झालं. नंतर एकदा टीव्ही बंद केला म्हणून तिने हुंदके देऊन भोकाड पसरलं, आणि शांत झाल्यावर तिला पेन्सिल धरता येईना. तेव्हा मात्र आम्ही उठलो.

मोठ्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून एकच विचारलं, "फूँक मारने के बाद होता है? या ज़ोर से रोने के बाद?" मी थक्क झाले. आमच्या घरात काय चाललंय, हे या बाईंना कसं कळलं?

तपासण्या झाल्या. आजाराचं नाव निघालं मोयामोया. जपानी शब्द आहे. डॉक्टरबाईंनी मेंदूचा फोटो पुढ्यात ठेवून समजावलं. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या तळाशी अरुंद होत चालल्या आहेत. रक्त कमी पडतं म्हणून आजूबाजूला बारीक बारीक नळ्यांचं जाळं फुटलंय, ते फोटोत धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून हे नाव. जोरात श्वास सोडत राहिलं की नळ्या आणखी आक्रसतात आणि हात गळतो.

लेक खुर्चीवर पाय हलवत ऐकत होती. "मेरे दिमाग़ में दिल्ली का धुआँ चला गया?"

"नहीं बेटा," डॉक्टरबाई हसल्या, "यह तुम्हारा अपना है।"

रक्त पातळ ठेवायची गोळी मिळाली आणि नियम मिळाले. भरपूर पाणी. गरम खाणं नाही, फुगे नाहीत, आणि शक्यतो रडू द्यायचं नाही.

शेवटचा नियम तिने ऐकला, तिथेच घोळ झाला.

सासरे आमच्याकडेच असतात. जन्म सरकारी नोकरीत गेला, शिस्तीचे. माझ्या नवऱ्याला लहानपणी "रडणं एकदम बंद!" या एका वाक्यावर वाढवलेलं. आता नातीने नुसता ओठ बाहेर काढला की ते खुर्चीतून उठायचे. तिने त्यांच्या मिशीला रबर बांधलं, चालून गेलं. पाढे नकोत म्हणाली, पाढे बंद झाले. "बाबा, लाडावेल हं," मी म्हटलं, तर म्हणाले, "लाडावू दे. लाडावलेली पोर नंतर सरळ करता येते."

पुढच्या उन्हाळ्यात ती जिन्यात अडखळली. या वेळी डावा पाय. नव्या फोटोत दुसरी बाजूही अरुंद झालेली दिसली. "गोळ्या वाढवून थांबणार नाही का?" मी हिंदीत विचारलं. डॉक्टरबाई सरळ म्हणाल्या, "बच्चों में यह रुकता नहीं, आगे बढ़ता है। गोली नली को चौड़ा नहीं करेगी।" घरी येताना टॅक्सीत लेक बोलत होती, नेहमीसारखी, आणि आम्ही हूं हूं करत होतो.

ऑपरेशन ठरलं. कानापुढून जाणारी कवटीवरची एक रक्तवाहिनी मेंदूवर नेऊन ठेवायची, मग तिला आपोआप फांद्या फुटतात. नोएडाच्या आयटीत काम करणारा माझा नवरा लगेच म्हणाला, "मतलब बायपास रोड." डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाँ, पर यह सड़क ख़ुद बनती है। धीरे-धीरे।"

आधी एक बाजू, काही महिन्यांनी दुसरी. दोन्ही वेळा सासरे ऑपरेशन थिएटरबाहेर ताठ बसून होते. चहा दिला तर हातातच गार व्हायचा. नंतर वॉर्डात सुई टोचल्यावर तिचा ओठ बाहेर आला, तसे हे गृहस्थ, तोंडाला मास्क, डोक्याला कागदी टोपी, खाटेशेजारी कोंबड्यासारखे आरवले. नर्स धावत आली. लेक टाक्यांना हात लावून हसत होती.

फांद्या फुटायला वेळ लागला. मग एका फोटोत त्या दिसल्या, दोन्ही बाजूंनी. "अब रोए तो रोने दीजिए," डॉक्टरबाई म्हणाल्या. लेकीचा चेहरा असा पडला, जसं राज्यच गेलं.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी हाक मारली. "चला, तेराचा पाढा."

"आजोबा, मी रडेन हं!"

"रड."

ती रडली. गळा काढून, हुंदके देऊन, साठवलेलं सगळं बाहेर काढून. आम्ही तिघं श्वास रोखून तिच्या हातांकडे बघत उभे. तिने शाळेचं दप्तर उचललं आणि रागाने सोफ्याकडे भिरकावलं.

"दोन्ही हातांनी!" सासरे ओरडले. "बघितलंस? दोन्ही हातांनी फेकलं!" त्यांचा चष्मा धुरकट झाला होता. लेक रडायचं विसरून त्यांच्याकडे बघतच राहिली.

आता ती सहावीत आहे. उजव्या हाताने हळू लिहिते, परीक्षेत जादा वेळ मिळतो, तोही तिला पुरत नाही कारण ती खिडकीबाहेर बघते. गोळी चालू आहे, वर्षातून एकदा फोटो काढतो. त्या आठवड्यात मी रात्री उठून तिचे दोन्ही हात चाचपते, अजूनही. तिला पत्ताही नसतो. सध्या तिला शाळेच्या सहलीला जयपूरला जायचंय, आणि आई बरोबर येणार नाही या अटीवर.