खंडेनवमीला मुका झालेला स्टिरिओ

दुबईला कामाला असलेल्या मेव्हण्यानं आमच्या घरात स्टिरिओ आणून ठेवला, तेव्हा गल्लीत दुसऱ्या कुणाकडं तसलं काही नव्हतं. रेडिओ आतच बसवलेला, कॅसेटचं यंत्र मागून जोडायचं, दोन अंगाला दोन स्पीकर. पुढं पाच बटणं आणि प्रत्येकाखाली इंग्रजी अक्षरं. माझी शाळा चौथीत सुटलेली, तीही मराठी. पण हे मी कशाला कुणाला सांगतोय?

जोडणीला रेडिओ मिस्त्री आला. तो माझा तालमीतला जोडीदार, एकाच मातीत लोळलेलो आम्ही. मला 'गड्या' म्हणायचा. वायरी जोडून झाल्यावर म्हणाला, "गड्या, हिकडं बघ. ह्ये आवाजाचं. आन ह्ये फिरीवलं की कधी रेडिओ, कधी कॅसेट. ध्यानात घे."

"मला नगं शिकवू. आवाजाचं कळतंय, तेवढं बास हाय की!"

"अवो, बघून तरी घ्या," बायको म्हणाली. मी तिच्यावर डोळे वटारले.

पुढं काही महिने मी फक्त आवाजाचं बटण फिरवलं. बाकीच्यांना हात लावला नाही, कुणाला लावूही दिला नाही.

खंडेनवमीला आम्ही विळा-कोयत्यापासून सायकलीपर्यंत सगळं पुजतो. त्या वर्षी स्टिरिओही पुजला. ओल्या फडक्यानं पुढची बाजू खसाखसा पुसली, एकेका बटणाला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. शेजारीपाजारी प्रसादाला जमल्यावर ऐटीत चालू केला. दिवा लागला, आवाज नाही. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत नेलं, तरी नुसतं सूंऽऽ.

"निस्ता पुजायलाच आणलाय व्हय?" शेजारची म्हातारी म्हणाली. सगळे हसले.

माझं डोकं फिरलं. आठच दिवसांपूर्वी मिस्त्रीनं पेटी उघडून धूळ काढून दिली होती. तसाच त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईकं बसलेली. त्यांच्यादेखत ओरडलो, "आतला चांगला माल काढून घेतलास न्हवं? दोस्त म्हणून घरात घेतला, तर चोर निघालास!"

तो हातातलं काम ठेवून माझ्यामागं आला. पेटी उघडलीच नाही. बटणं बघितली आणि रेडिओ-कॅसेटचं बटण दोन घरं मागं फिरवलं. आवाज मीच शेवटाला नेऊन ठेवलेला. गुळाचा बाजारभाव सांगणारा माणूस असा गरजला, की फळीवरची भांडी वाजली. गल्लीतली माणसं दारात आली.

"पुसताना फिरलंय," तो आवाज कमी करत म्हणाला. मग पूजेच्या ताटातलं कुंकू बोटावर घेऊन त्यानं त्या बटणाच्या वर एक ठिपका लावला. "बटणावरची रेघ हितं आली की रेडिओ."

मला ती अक्षरं वाचता येत नाहीत हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. पण चारचौघांत त्यानं ते तोंडातून काढलं नाही. मी मात्र चारचौघांतच त्याला चोर म्हणालो होतो.

बायको माझ्याकडं बघत होती. 'चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "च्या घिऊन जा."

"नगं." त्यानं पायात चपला सरकवल्या. "येतो, पावणं."

पावणं! वाट विचारायला आलेल्या परक्या माणसाला म्हणावं तसं. त्यानंतर रस्त्यात भेटला तरी तेच, "बरं हाय न्हवं, पावणं?" त्याचं दुकान आमच्या दारापासून तीस पावलांवर होतं. ती तीस पावलं माझ्यानं चालवली नाहीत.

स्टिरिओ पुढं बरीच वर्षं चालला. त्याच्या पुढच्या बाजूला मी पुन्हा कधी फडकं लावलं नाही. तो ठिपका पुसला गेला असता.